भांडण मजल्यांचं की खोल्यांचं?

२० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर आपलं मत दिलं. विधानसभेने संमत केलेलं विधेयक राज्यपालांनी किती दिवसांत निकाली काढायचं, याची सरसकट मुदत न्यायालय ठरवून देऊ शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून विधेयकाला आपोआप मंजुरी मिळाली असंही धरता येत नाही, हे त्या मताचं सार.

इथे दोहात शुक्रवारी चार मराठी डोकी एकत्र आली की गावाकडचं राजकारण निघतंच. त्या आठवड्यात सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणे, "संपलं! राज्यांनी कायदे करायचे आणि दिल्लीने नेमलेल्या माणसाने ते कपाटात ठेवायचे. राज्यांना अर्थच उरला नाही." दुसरी बाजू म्हणे, "बरंच झालं. घटनेत नसलेली मुदत कोर्टाने का घालायची? कोर्टाचं काम निकाल देणं, कायदे करणं नव्हे." तासभर वाद झाला. गंमत अशी की दोन्ही बाजू एकमेकांना उत्तर देतच नव्हत्या. पहिली बाजू केंद्र आणि राज्य यांच्याबद्दल बोलत होती, दुसरी न्यायालय आणि घटनेने अधिकार दिलेली बाकीची पदं यांच्याबद्दल. प्रश्न दोन होते, आणि वाद एकच आहे असं समजून चालला होता.

ही गल्लत फक्त आमच्या गप्पांत होते असं नाही. टीव्हीवरच्या चर्चेत, भाषणांत, अग्रलेखांतसुद्धा होते. आणि त्यातून नुकसान होतं, कारण प्रश्न कोणता ते कळलं नाही की माणूस चुकीच्या दारावर धडका मारत बसतो. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या आणि जिव्हाळ्याच्या प्रश्नांत, मराठा आरक्षण आणि बेळगाव सीमाप्रश्न, हे कसं घडतं ते मांडावं म्हणून हा लेख.

वाड्याचा नकाशा

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन शब्द असायचे. 'अधिकार विभागणी' आणि 'सत्ताविभाजन'. परीक्षेच्या आदल्या रात्री ते एकसारखेच वाटायचे, आणि बऱ्याच जणांना अजूनही वाटतात. म्हणून जरा वाड्याचं उदाहरण घेऊ.

वाड्याला मजले असतात आणि प्रत्येक मजल्यावर खोल्या असतात. वरच्या मजल्यावर केंद्र, खाली राज्य, त्याच्याखाली महापालिका आणि ग्रामपंचायत. कोणता विषय कोणत्या मजल्यावर सुटायचा, याची वाटणी म्हणजे संघराज्य व्यवस्था. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात त्यासाठी तीन सूची दिल्यात. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन वर. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती राज्याकडे. शिक्षणासारखे काही विषय दोघांच्या सामाईक सूचीत.

आता खोल्या. एका खोलीत कायदा होतो, दुसऱ्या खोलीत तो राबवला जातो, तिसऱ्या खोलीत तो घटनेशी जुळतो का आणि नीट राबवला का, हे तपासलं जातं. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. एकाच्याच हातात तिन्ही किल्ल्या नसाव्यात, ही झाली सत्ताविभाजनाची कल्पना. बँकेत नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा असतो, तपासायला तिसराच येतो. तसंच हे.

म्हणजे 'हा विषय कोणत्या मजल्याचा?' हा एक प्रश्न आणि 'त्या मजल्यावर हे काम कोणत्या खोलीचं?' हा दुसरा. दोन्ही वेगळे. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

आखातात दोन्ही वेगळे दिसतात

हे दोन प्रश्न एकमेकांपासून किती सुटे असू शकतात, ते आखातात राहून चटकन समजतं.

कतार हे एकसंध राज्य आहे. देशात आठ नगरपालिका आहेत, एकोणतीस निवडून आलेल्या सदस्यांचं मध्यवर्ती नगर मंडळ आहे, पण स्वतःचे कायदे करणारी राज्यं किंवा प्रांत नाहीत. वाडा एकमजलीच म्हणा ना. मात्र २००३ च्या सार्वमतात मंजूर झालेल्या राज्यघटनेच्या साठाव्या कलमात सत्ताविभाजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदेविषयक काम शूरा कौन्सिलकडे, कार्यकारी अधिकार अमिरांकडे आणि त्यांच्या मदतीला मंत्रिमंडळ, न्यायदान न्यायालयांकडे. शूरा कौन्सिलच्या पंचेचाळीस जागांपैकी तीस जागांसाठी २ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिली निवडणूक झाली. पुढे ५ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतात घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि सगळे सदस्य अमिरांनी नेमायचे असं ठरलं. हा सगळा बदल खोल्यांच्या रचनेतला. मजल्यांचा इथे प्रश्नच नव्हता.

शेजारी संयुक्त अरब अमिराती बघा. तिथे उलट. १९७१ च्या डिसेंबरात सहा अमिराती एकत्र आल्या आणि १९७२ च्या फेब्रुवारीत रस अल खैमा सातवी झाली. ही खरीखुरी संघराज्य व्यवस्था. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण संघाकडे, पण जमिनीखालचं तेल त्या त्या अमिरातीच्या मालकीचं. दुबईची न्यायालयं दुबईची, संघाच्या न्यायव्यवस्थेबाहेरची. मजल्यांची वाटणी एवढी पक्की. पण खोल्या? सात शासकांची सर्वोच्च परिषद हीच तिथली सर्वांत वरची सत्ता, कायद्यावर शेवटची मोहोर तिची आणि धोरणाची दिशाही तिचीच. चाळीस सदस्यांची राष्ट्रीय परिषद आहे, पण तिची भूमिका मुख्यतः सल्ल्याची.

ब्रिटिशांनी आखातातून निघायचं ठरवलं तेव्हा, १९६८ पासून, कतार आणि बहरीन यांच्यासह नऊ अमिरातींचं एक संघराज्य करायच्या वाटाघाटी चालल्या होत्या. त्या फिसकटल्या. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बहरीन आणि सप्टेंबरमध्ये कतार वेगवेगळे स्वतंत्र झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बेळगावपर्यंत जायला उपयोगी पडेल.

भारतात मजलेही आहेत आणि खोल्याही आहेत. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेची मूलभूत चौकट सांगताना संघराज्यात्मक स्वरूप आणि सत्ताविभाजन ही दोन वेगवेगळी वैशिष्ट्यं म्हणून नोंदवली. पण आपल्याकडे एक खास गोष्ट आहे. न्यायालयाची खोली प्रत्येक मजल्यावर वेगळी नाही. तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच सलग जिना आहे. त्यामुळे मजल्यांचं भांडण असो की खोल्यांचं, शेवटी ते एकाच न्यायालयापुढे येतं. गल्लत व्हायचं मोठं कारण हेच. निकाल एकच येतो, त्यात उत्तरं मात्र दोन प्रश्नांची असतात.

एका निकालातली दोन कुलुपं

मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल आठवा. राज्याने २०१८ मध्ये सोळा टक्के आरक्षणाचा कायदा केला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो वैध ठरवला, पण टक्केवारी शिक्षणात बारा आणि नोकऱ्यांत तेरा अशी खाली आणली. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. घराघरांत बातमी गेली ती 'आरक्षण गेलं' एवढीच. का गेलं, याची कारणं मात्र दोन होती.

पहिलं कारण मजल्याचं. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीमुळे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडे उरलाच नाही, तो वर गेला, असं पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी म्हटलं. दुसरं कारण खोलीचं. इंद्रा साहनी निकालाने १९९२ मध्ये घातलेली पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती महाराष्ट्राने दाखवलेली नाही, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा न्यायालयाने तपासला आणि मोडीत काढला.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे राजकारण झालं ते जवळजवळ सगळं पहिल्या कारणावर. राज्यातले सत्ताधारी म्हणत, अधिकार केंद्राकडे गेलाय, केंद्राने बघावं. विरोधक म्हणत, राज्याने बाजू नीट मांडली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. बऱ्याच जणांना वाटलं, झालं, आता सुटलं.

पण कुलुपं दोन होती ना! मजल्याचं कुलूप निघालं, खोलीचं तसंच राहिलं. राज्याला आता कोण मागास ते ठरवता येतं, पण पन्नास टक्क्यांची मर्यादा राज्याच्या कायद्याने हलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने एकमताने दहा टक्क्यांचा नवा कायदा केला. तो करायचा अधिकार १०५ व्या दुरुस्तीमुळे निश्चित होता. तरी त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळालंच, कारण तो प्रश्न दुसऱ्या कुलुपाचा.

ते कुलूप कुणाला काढता येईल? मोठ्या घटनापीठाला, मर्यादेचा फेरविचार करून. किंवा संसदेला, घटनादुरुस्ती करून, आणि तीही पुन्हा मूलभूत चौकटीच्या कसोटीला उतरावी लागेल. तामिळनाडूचा ६९ टक्क्यांचा कायदा १९९४ मध्ये घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात घातला गेला, तो याच कारणासाठी. उपोषणाला बसलेल्या आणि फॉर्म भरून वाट बघणाऱ्या पोरांना हे कुणी सरळ सांगत नाही. 'केंद्र विरुद्ध राज्य' असं म्हटलं की प्रत्येक पक्षाला बोट दाखवायला समोर कुणीतरी मिळतं. 'न्यायालयाने घातलेली मर्यादा कशी बदलायची, आणि तुम्ही त्यासाठी काय करणार?' असं विचारलं की सगळ्याच पक्षांची पंचाईत होते.

हेगमधला निकाल आणि बेळगावची तारीख

आता त्या नऊ अमिरातींच्या फिसकटलेल्या संघराज्याकडे येऊ.

कतार आणि बहरीन यांच्यात जुना सीमावाद होता. कतारच्या पश्चिम किनाऱ्याला अगदी खेटून असलेली हवार बेटं ब्रिटिशांनी १९३९ मध्ये बहरीनची ठरवली होती आणि कतारला ते मान्य नव्हतं. उलट कतारच्या जमिनीवरच्या झुबारावर बहरीन हक्क सांगत होतं. १९८६ मध्ये फश्त अद दिबल नावाच्या एका खडकाळ उथळ जागेवरून प्रकरण कतारी हेलिकॉप्टरं तिथे उतरण्यापर्यंत गेलं. सौदी अरेबियाने मध्यस्थी केली. शेवटी जुलै १९९१ मध्ये कतारने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला.

तिथे पहिला वाद कोणता झाला माहितेय? हा खटला ऐकायचा अधिकार न्यायालयाला आहे का, हाच. १९९० च्या डिसेंबरात दोहात झालेल्या बैठकीच्या टिपणाला करार मानायचं का, यावर दोन्ही बाजूंनी कीस काढला. न्यायालयाने १९९४ आणि १९९५ अशा दोन टप्प्यांत सांगून टाकलं की आम्हाला अधिकार आहे. त्यानंतर नकाशे, पत्रं, साक्षीपुरावे. १६ मार्च २००१ रोजी निकाल. हवार बहरीनला, झुबारा आणि जनान बेट कतारला, फश्त अद दिबलही कतारला. दोघांनी मान्य केलं. दावा लावल्यापासून दहा वर्षांच्या आत प्रकरण मिटलं.

आता आपल्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, कारवारसह मराठी भाग म्हैसूर राज्यात गेला. केंद्राने १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला सुचवली, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राने ते नाकारलं. २००४ मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. दोन राज्यांमधल्या कायदेशीर हक्काचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो तो याच कलमाने. २०१४ मध्ये पुरावा नोंदवण्यासाठी न्यायालयाने आयुक्त नेमला, त्यालाही कर्नाटकने हरकत घेतली. हे लिहीपर्यंत निकाल नाही.

कर्नाटकचा मुख्य मुद्दा काय? राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने फक्त संसदेला दिलाय, न्यायालयाने त्यात पडू नये. हा मुद्दा नीट पाहिला तर तो बेळगाव मराठी की कन्नड याबद्दल नाहीच. महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक हे वरवर दिसणारं रूप. न्यायालयात अडकलंय ते संसद की न्यायालय, कोणत्या खोलीचं काम, या प्रश्नावर. आणि जो प्रश्न हेगमध्ये चार वर्षांच्या आत निकाली निघाला, तो इथे वीस वर्षं उलटून गेली तरी लोंबकळतोय.

तिसऱ्या कलमाची ताकद केवढी आहे, ते महाराष्ट्राने स्वतःच अनुभवलंय. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे भाग होते. राज्याच्या विधिमंडळाचं मत त्यावर घेतलं. प्रत्यक्षात संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्य केलं. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत घ्यायला हवं होतं, असं म्हणून खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितलं की विधिमंडळाचं मत एकदा मागवलं की पुरे, ते संसदेवर बंधनकारक नाही. म्हणजे सीमेच्या बाबतीत खालच्या मजल्याला फक्त आपलं म्हणणं मांडता येतं, निर्णय वरच होतो.

आता डिसेंबर २०२२ आठवा. गाड्यांवर दगडफेक झाली, एसटीच्या फेऱ्या थांबल्या. केंद्रीय गृहमंत्र्यांनी १४ डिसेंबरला दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून घेतलं आणि न्यायालयाचा निकाल येईपर्यंत दावे-प्रतिदावे नकोत असं ठरलं. तरी २२ तारखेला कर्नाटक विधानसभेने एक इंचही जमीन न देण्याचा ठराव केला आणि २७ तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव एकमताने संमत केला. टाळ्या वाजल्या. पण या ठरावांनी कायदेशीरदृष्ट्या सुईच्या टोकाएवढाही फरक पडत नाही. कारण ते चुकीच्या मजल्यावर, चुकीच्या खोलीत केलेले ठराव आहेत. संसद म्हणते प्रकरण न्यायालयात आहे. न्यायालयात युक्तिवाद होतो की हा संसदेचा विषय आहे. आणि विधानसभा ठराव करतात. या तिघांच्या मध्ये बेळगावातला मराठी माणूस दरवर्षी एक नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय. ज्यांनी तो तरुणपणी सुरू केला त्यातले कित्येक आता नाहीत.

इथे एक गैरसमज नको. यावरून 'वेगळे देश असते तर बरं झालं असतं' असा अर्थ कुणी काढला तर तो साफ चुकीचा. ५ जून २०१७ ला शेजारी देशांनी कतारशी संबंध तोडले तेव्हा अबू समरा ही कतारची एकमेव जमिनीवरची हद्द बंद झाली. ती जानेवारी २०२१ मध्ये उघडली. दोन्हीकडे नातीगोती असलेल्या कुटुंबांचं काय झालं असेल, विचार करा. बेळगावचा मुलगा पुण्यात शिकतो, कोल्हापूरचा व्यापारी निपाणीत माल विकतो, कुणाला व्हिसा लागत नाही. सीमा ही नकाशावरची प्रशासकीय रेघ राहते, भिंत होत नाही, ही संघराज्याचीच देणगी. तक्रार संघराज्याबद्दल नाही. तक्रार ही की संघराज्यातला वाद सोडवायची खोली कोणती, हेच आपण ठरवत नाही.

जिन्यावरचा माणूस

आता राज्यपालांच्या प्रश्नाकडे परत जाऊ. राज्यपाल हे पद वाड्यात जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसतं. नेमणूक वरच्या मजल्याची, काम खालच्या मजल्यावर. शिवाय विधेयकावर सही करताना ते विधिमंडळाच्या कामाचा शेवटचा टप्पा पार पाडतात आणि मंत्रिमंडळाचा सल्ला घेताना कार्यकारी मंडळाचे प्रमुख असतात. त्यामुळे या पदाचा वाद आला की मजले आणि खोल्या दोन्ही एकदम हलतात.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावं पाठवली. राज्यपालांनी ना होकार दिला ना नकार. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं राज्यपालांचं कर्तव्य आहे, पण न्यायालय त्यांना आदेश देऊ शकत नाही. निर्णय झाला नाही, २०२२ मध्ये सरकारच बदललं. ११ मे २०२३ च्या सत्तासंघर्षाच्या निकालातही हीच दोन अंगं होती. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं, हे न्यायालयाने सांगितलं. हा जिन्यावरचा भाग. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांनीच घ्यावा म्हणून परत पाठवला. हा खोलीचा भाग. लोकांना वाटलं, न्यायालयाने धड हे नाही, धड ते नाही केलं. प्रत्यक्षात दोन प्रश्नांना दोन उत्तरं होती.

२०२५ मध्येही तेच. ८ एप्रिलला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तामिळनाडूची अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाली असं मानलं आणि राज्यपालांना मुदत घातली. राज्यांच्या बाजूने मजल्यांचं दुखणं त्यात दूर झालं, पण त्यासाठी न्यायालय स्वतःच्या खोलीबाहेर गेलं, अशी टीका झाली. नोव्हेंबरच्या मताने खोल्यांची हद्द पुन्हा आखली. राज्यपालांनी विधेयक अनिश्चित काळ दाबून ठेवणं घटनेला धरून नाही आणि अकारण विलंब झाला तर न्यायालय 'निर्णय घ्या' एवढं सांगू शकतं, हेही त्यात आहे. पण राज्यांचं मूळ दुखणं राहिलंच. माझ्या मते दुखणं खरं आहे आणि औषधही लागणारच आहे. मात्र ते न्यायालयाकडून नव्हे तर संसदेकडून, घटनादुरुस्तीतून यायला हवं. आमच्या गप्पांतल्या दोन्ही बाजू आपापल्या प्रश्नापुरत्या बरोबर होत्या, हे त्यामुळेच.

मग विचारायचं काय?

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की बाजू घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. विषय कोणत्या मजल्याचा? आणि त्या मजल्यावर कोणत्या खोलीचा? पुढारी नेमकं उलट करतात. प्रश्न आपल्या खोलीचा असेल तेव्हा मजल्याकडे बोट दाखवतात, आणि आपल्या मजल्याचा असेल तेव्हा 'न्यायप्रविष्ट आहे' म्हणून खोलीकडे.

बेळगावच्या बाबतीत मागणी अगदी नेमकी करता येईल. महाराष्ट्र सरकारने बाकी सगळं बाजूला ठेवून न्यायालयाकडे आग्रह धरावा की अधिकाराचा प्रश्न आधी ऐका आणि निकाली काढा. न्यायालय म्हणालं 'आम्हाला अधिकार आहे', तर पुराव्याचं काम पुढे सरकेल आणि गावागणिक हिशेब मांडता येईल. न्यायालय म्हणालं 'हा संसदेचा विषय', तर निदान पुढाऱ्यांची पळवाट बंद होईल. तिसऱ्या कलमाखालचा कायदा साध्या बहुमताने होतो, त्याला घटनादुरुस्तीएवढं बहुमत लागत नाही. मग महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस लोकसभा खासदारांना प्रत्येक निवडणुकीत विचारता येईल की या विषयावर तुम्ही सभागृहात काय केलंत. कर्नाटकचे खासदार अठ्ठावीस आहेत, तेही त्यांचं म्हणणं मांडतील, आणि मांडावंच. दोन्हीकडून तडजोड करावी लागेल. हवारच्या निकालात कतारला हवार सोडावी लागली आणि बहरीनला झुबारा, तेव्हाच ते मिटलं.

कोणतंही उत्तर आलं तरी सीमाभागातल्या माणसाला एक गोष्ट मिळेल जी १९५६ पासून त्याला मिळालेली नाही. आपला अर्ज नेमका कोणत्या दारात द्यायचा, ते कळेल.